पहिले ऐकण्याचा मान

मलकपेठ, हैदराबाद
१ मार्च २०२६

ति. आबाकाका यांस,
सा. न.

काल मंडळात जे झाले ते क्रमाने:

१. रेडिओ मी बनवलेला नाही. तेजश्रीने बनवला. मी दर रविवारी शेजारी बसत होते आणि चुकले की सांगत होते. ती तेरा वर्षांची आहे, मंडळाच्या बालवाडीत शिकवणाऱ्या त्रिवेणीताईंची मुलगी.

२. रेडिओत चारच वस्तू आहेत. प्लॅस्टिकच्या पाइपावर गुंडाळलेली तांब्याची तार, केंद्र लावायचा जुना गँग (हा तिने जुमेरात बाजारातल्या भंगारातून शोधला), एक जर्मेनियम डायोड आणि कानात घालायचा एक इअरफोन. बॅटरी नाही, विजेचे कनेक्शन नाही. गच्चीवरची लांब तार हवेतल्या लहरी पकडते आणि त्यांच्याच ताकदीवर आवाज येतो. म्हणून तो अगदी हळू असतो, आणि एका वेळी एकालाच ऐकता येतो.

३. त्याला बटण लागत नाही. हे मी आधी सांगितले होते. प्रमुख पाहुण्यांना दाबायला काहीतरी हवे, म्हणून श्रीपतीकाकांनी दारावरच्या घंटीचे लाल बटण डब्यावर चिकटवले. त्याच्या मागे काहीही जोडलेले नाही.

४. गच्चीवरची तार शुक्रवारी संध्याकाळी चढली. तेजश्रीला लगेच ऐकून पाहायचे होते. आपण म्हणालात, उद्घाटनाआधी कुणी ऐकायचे नाही, पहिले ऐकण्याचा मान पाहुण्यांचा. मी मीटरने जोडण्या तपासल्या. इअरफोन कुणी लावला नाही.

५. शनिवारी आम्ही पोहोचण्यापूर्वी प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे विकासरावांच्या, अफझलगंजच्या दुकानातली माणसे येऊन गेली होती. त्यांनी गच्चीवरच्या तारेला या टोकापासून त्या टोकापर्यंत एलईडीच्या माळा गुंडाळल्या होत्या. माळा भर उन्हात चालू होत्या.

६. कार्यक्रम राष्ट्रीय विज्ञान दिनाचा होता. रेडिओला हळदकुंकू वाहिले. नारळ बोअरच्या लोखंडी पाइपावर फोडला. अर्थिंगची तार त्याच पाइपाला जोडलेली आहे. नारळाच्या पाण्याने तिथली माती ओली झाली. यात नुकसान काही नाही, अर्थिंग थोडे सुधारलेच असेल.

७. विकासरावांनी लाल बटण दाबले. टाळ्या वाजल्या. मग त्यांनी इअरफोन घातला, थोडा वेळ डोळे मिटले, मान डोलावली आणि माइकवर म्हणाले, "क्लियर. एकदम क्लियर."

८. त्यानंतर मानाप्रमाणे आणखी सहा जणांनी ऐकले. श्रीपतीकाकांना क्रिकेटचे समालोचन ऐकू आले, दोन विकेट पडल्याचेही. महिला शाखेच्या चतुराबाईंना अभंग. आपल्याला चक्क मराठीतून कार्यक्रम, ज्याबद्दल आपण माइकवर अभिमान व्यक्त केलात. उरलेल्या तिघांना बातम्या, पण वेगवेगळ्या.

९. या सगळ्या वेळात गँग कुणीही फिरवला नाही.

१०. शेवटी तेजश्रीने ऐकले. ती म्हणाली, "अक्का, नुसती घूं-घूं है. दुसरं कुछ नै." तिच्यानंतर मी ऐकले. नुसती घूं-घूं होती. ती माळांची आहे.

११. घरी जाताना तिने विचारले, सगळ्यांना आले, मला का नाही. मी सांगितले, कुणालाच आले नाही. तिला ते पटले नाही. इतके मोठे लोक खोटे कशाला बोलतील, असे तिचे म्हणणे.

आपण फोनवर म्हणालात की कार्यकारिणीपुढे ठेवायचे तर कागदावर आणि मराठीतून हवे, म्हणून लिहिले. मंडळाच्या अहवालात 'रेडिओ ऐकू आला' असे लिहू नये, एवढीच विनंती आहे. माळा बंद करून पुन्हा ऐकू, मग जे ऐकू येईल ते लिहा.

आपली,
रेणुका


गोदातीर मराठी मंडळ, जामबाग
(कार्यवाहांच्या टेबलावरून)
४ मार्च २०२६

चि. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुरेख आहे. आपली आताची पोरं मराठी पाटी वाचतानाही अडखळतात आणि तू सरळ अकरा मुद्दे काढतेस. मी कार्यकारिणीत मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. पाच मुद्दे झाले आणि चहा आला.

तुझ्या नम्रतेचं सर्वांनी कौतुक केलं. 'रेडिओ मी बनवलेला नाही' असं हल्लीच्या काळात कोण म्हणतं?

आता तांत्रिक बाब. सात जणांना सात गोष्टी ऐकू आल्या म्हणून तू अस्वस्थ दिसतेस. अगं, मी वीजखात्यात तेहतीस वर्षं काढली आहेत. हिशेब शाखेत काढली हे खरं, पण फायली विजेच्याच होत्या. या प्रश्नावर श्रीपतींनी फार शास्त्रीय खुलासा केला. त्यांचं म्हणणं, बाजारातला रेडिओ बॅटरीच्या ताब्यात असतो, म्हणून तो एका वेळी एकच केंद्र देतो. आपला मोकळा आहे. त्याला कुणाचं बंधन नाही. ज्याची जशी आवड, तसं त्याला मिळतं. यासाठी अहवालात 'बहुकेंद्री ग्रहण' असा शब्द योजला आहे. शब्द माझा आहे.

माळांचं म्हणशील तर विकासरावांनी त्या मंडळाला कायमच्या भेट दिल्या आहेत. प्लगपाशी त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी बसली. आता त्या बंद ठेवणं बरं दिसणार नाही.

रेडिओ सभागृहातल्या काचेच्या कपाटात, क्रीडास्पर्धांच्या ढालींशेजारी ठेवला आहे. गच्चीवरची तार आणि अर्थिंग खिडकीतून तशीच आत घेतली आहे, म्हणजे पाहणाऱ्याला यंत्र जिवंत वाटतं. कुणी हात लावू नये म्हणून कुलूप घातलं आहे. किल्ली माझ्याकडे असते.

अहवाल सोबत पाठवतो. सात सह्या झाल्या आहेत. 'तांत्रिक मार्गदर्शक' या शब्दाखाली तुझी जागा सोडली आहे.

जाता जाता घरगुती बोलतो. तुझ्या स्थळासाठी मी विकासरावांपाशी शब्द टाकला होता. ते म्हणाले, मुलगी हुशार आहे, पण चेहऱ्यावर हसू दिसत नाही. सही करताना हे लक्षात असू दे.

तुझा,
आबाकाका


मलकपेठ
६ मार्च २०२६

ति. आबाकाका यांस,
सा. न.

अहवाल सहीविना परत पाठवत आहे.

ज्याची जशी आवड तसे त्याला ऐकू येत असेल, तर त्यात रेडिओचा काही भाग नाही. ते रेडिओशिवायही होते.

माझी नोकरी काय आहे हे घरात मी कधी नीट सांगितले नाही. बाजारात येण्यापूर्वी यंत्रे आमच्याकडे तपासणीला येतात. एखादे यंत्र चालू असताना शेजारच्या यंत्राच्या कामात किती गोंगाट घालते, ते मी मोजते. मला पगार याचाच मिळतो. अशा माळांचा गोंगाट मला झोपेतही ओळखता येईल. त्यात ही माळ तारेच्या शेजारी टांगलेली नाही, तारेलाच गुंडाळली आहे. ज्या तारेने दूरचे ऐकायचे, तिच्याच कानाशी कुणी ढोल वाजवत बसावे, तसे ते आहे.

माळा उतरवू नका. पाटीही राहू द्या. फक्त वीस मिनिटे प्लग काढा. शिडी लागणार नाही.

दुसरे. तेजश्री रविवारी आली नाही. डोके दुखते असा निरोप होता. बुधवारी मी कोठीला गुजराती गल्लीत सुटे भाग आणायला जाणार होते, तेव्हाही आली नाही. रमजानच्या गर्दीत नको, असे त्रिवेणीताई म्हणाल्या. मागच्या वर्षी रमजानच्या गर्दीतच आम्ही दोघींनी तो इअरफोन आणला होता.

माझ्या चेहऱ्याविषयी विकासरावांनी केलेल्या सूचनेची नोंद घेतली.

आपली,
रेणुका


गोदातीर मराठी मंडळ, जामबाग
१० मार्च २०२६

चि. रेणुकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारच्या तातडीच्या बैठकीत ठेवलं. तेजश्री येत नाही हे वाचून सगळे हळहळले. मंडळ म्हणजे कुटुंब आहे, तू काहीही समज.

मग चर्चा मुळाशी गेली. सात जबाबदार माणसांना ऐकू येतं आणि एका पोरीला येत नाही, तर दोष कुठे असणार? यंत्रात नाही, कारण सात जणांना ऐकू आलं. माणसांत नाही, कारण सह्या आहेत. प्रथम चतुराबाईंच्या ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, उद्घाटनाच्या दिवशी मी त्या पोरीला दोनदा हाक मारली, तिनं मान वळवली नाही. (तिच्या हातात तारा होत्या असं कुणीसं म्हणालं, पण हाका मारल्या हे खरं.) मी त्रिवेणीला बोलावून घेतलं आणि फार हळुवारपणे विषय काढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, घरातही दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही, मला वाटायचं वयच तसं आहे.

रेणुका, इतके दिवस ती पोर तुझ्याजवळ बसत होती आणि तुला कळलं नाही. मी दोष देत नाही.

ठराव झाला तो असा. गुढीपाडव्याला, गुरुवारी १९ तारखेला, मंडळाच्या कार्यक्रमात कु. तेजश्रीचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि कानाचं यंत्र. यंत्र विकासरावांकडून. मानपत्रात 'कानांनी साथ दिली नाही, तरी जिने सात जणांना ऐकवले' असं वाक्य आहे. वाक्य माझं आहे. चतुराबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. दोन तेलुगू पेपरांचे वार्ताहरही येतो म्हणाले आहेत.

यंत्राच्या किमतीची चौकशी करायला मी काल स्वतः कोठीच्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डॉक्टर फारच तरुण आहेत, त्यांच्या बोलण्यावर किती विसंबावं कोण जाणे. श्रीपतीही योगायोगानं तिथेच भेटले. ते मेहुण्याचा रिपोर्ट न्यायला आले होते.

अहवालाचं आता राहू दे. तू मानपत्रावर सही कर. यात तुला काही आक्षेपार्ह नसावं.

तुझा,
आबाकाका


जामबाग
११ मार्च

रेणुका अक्का,

मराठीत लिहिते. चुकलं तर हसू नको. व्हॉट्सॅप अम्मा बघते म्हणून कागद.

परवा अम्मा मला कोठीला कानाच्या डाक्टरकडे घेऊन गेली. तिथे आबा आजोबा होते. काचेच्या खोलीत बसले होते मोठे हेडफोन घालून. टिक ऐकलं की हात वर करायचा असतो. ते सारखा हात वर करत होते. डाक्टर बोलले, "अंकल, अबी तो मैं बजायाच नै." मग आजोबांनी हात खाली घेतला.

श्रीपतीकाका बाहेर पेपरच्या मागे बसले होते. एक पान पण पलटलं नाही. नर्सने त्यांचं नाव घेतलं तर ते पेपर घेऊनच आत गेले.

आबा आजोबा बाहेर आले तेव्हा मी दिसले. ते अम्माला बोलले, मशीनची किंमत विचारायला आलो. त्यांच्या हातात त्यांच्या नावाची फाइल होती.

मग माझा नंबर. सगळे टिक ऐकू आले. डाक्टर बोलले कान फस्ट क्लास. अम्माने विचारलं, मग रेडिओ का नाही ऐकू आला? डाक्टर बोलले, "जिनकू आया, उनकूच पूछो." अम्मा बाहेर येऊन बोलली, डाक्टर लहान आहे, सात मोठी माणसं चुकतात का. पाडव्याची साडी घेतली आहे. निझामाबादची मावशी येणार आहे. घरात सगळे माझ्याशी आता मोठ्याने बोलतात. शेजारची राणी तर हाताने खुणा करते.

मला एकच विचारायचं आहे. कान चांगले आहेत आणि मला ऐकू आलं नाही, तर मग रेडिओ खोटा आहे ना? मी बनवला तो. अम्मा बोलते तसं कान खराब असले तर रेडिओ खरा आहे.

म्हणून मी पाडव्याला जाणार. शाल घेणार. मला बहिरी बोलले तर चालते. रेडिओ खोटा बोलले तर नाही चालत.

तू रागावू नको. तू बोलली होती कुणालाच आलं नाही, पण तू माझी बाजू घेऊन बोलते.

तेजश्री


मलकपेठ
१२ मार्च २०२६

ति. आबाकाका यांस,
सा. न.

मानपत्र परत पाठवत आहे. सही केलेली नाही.

ऐकू न येण्यात कमीपणा काही नाही. पण तेजश्रीला ऐकू येते. सोमवारी कोठीच्या डॉक्टरांनी तिचे कान तपासले आणि उत्तम असल्याचे सांगितले. आपण त्याच वेळी तिथे होतात, तेव्हा हे आपल्यालाही कळले असेल. तिथे त्या दिवशी आणखी कुणाचे कान तपासले गेले, हे मी या पत्रात लिहीत नाही, कारण माझी पत्रे आपण कार्यकारिणीत वाचता. तपासणीचे निकाल मला माहीत नाहीत. माझा अंदाज आहे की सगळ्यांचेच कान चांगले निघाले असतील.

तेजश्रीने मला एक प्रश्न विचारला आहे. तो आपल्याला कळावा म्हणून लिहिते. तिच्यापुढे दोनच गोष्टी उरल्या आहेत, एक तर तिचे कान खोटे किंवा तिचा रेडिओ खोटा. तिने विचार करून कान द्यायचे ठरवले आहे. पाडव्याला ती बहिरी म्हणून शाल घ्यायला तयार आहे, कारण मग रेडिओ खरा ठरतो. तिसरी शक्यता तिला सुचत नाही. सात मोठी माणसे काही ऐकू न येता मान डोलावतात, हे तेराव्या वर्षी सुचत नाही. मला सुचते, कारण मी नोकरी करते.

मी तिला उत्तर दिलेले नाही. रेडिओ बरोबर आहे असे मी लिहू शकते, पण ते माझे मत होईल. मते तिला पुष्कळ मिळाली आहेत. तिला तो ऐकू आला पाहिजे.

त्यासाठी मला कपाटाची किल्ली, वीस मिनिटे आणि भिंतीतून काढलेला एक प्लग लागेल. शाल लागणार नाही.

आपली,
रेणुका


जामबाग
१४ मार्च २०२६
वैयक्तिक. कार्यकारिणीसाठी नाही.

चि. रेणुका,

हे घरून लिहितोय, मंडळाचा कागद वापरलेला नाही.

तुझं पत्र मी बैठकीत वाचलं नाही. वाचता आलं नसतं.

माझे कान चांगले आहेत. श्रीपतींचेही. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान म्हणजे कमाल आहे. मी मिठाई वाटायला हवी होती, पण मला ते ऐकून घामच फुटला. कारण इतके दिवस मी समजत होतो की दोष माझ्यात आहे. त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं. घूं-घूं होती, तू म्हणतेस तीच. पण माझ्याआधी विकासराव 'क्लियर' म्हणाले होते, श्रीपतींना तर विकेट पडल्याचंही कळलं होतं, चतुराबाई डोळे मिटून टाळ धरल्यासारख्या डोलत होत्या. तिथे मी काय सांगणार होतो? की कार्यवाहाचे कान गेले? मराठी कार्यक्रम म्हणालो, कारण निदान त्यात मंडळाचा मान होता.

विकासरावांना मी परवा बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "आबासाहेब, मी पाहुणा होतो. पाहुण्यानं जेवण अळणी आहे म्हणायचं असतं का?"

आता खरी गोष्ट. काल दुपारी मी हिशेबासाठी मंडळात एकटाच होतो आणि करंट गेला. पंखा थांबला. गच्चीवरच्या माळाही गेल्या असणार, हे मला आधी सुचलं नाही. मी उकाड्यानं उठलो, खिडकी उघडायला गेलो, आणि कपाटाजवळ आल्यावर किल्ली खिशात होती म्हणून उघडलं. का उघडलं ते सांगता येत नाही. इअरफोन कानात घातला.

एक बाई बोलत होती.

फार लांबून, पाण्याखालून बोलावं तसं, पण स्वच्छ. तेलुगूत. वारंगलला मिरची काय भावानं गेली, तांडूरला तूर काय भावानं. मध्ये एकदा तिनं कागद उलटला, तोसुद्धा ऐकू आला. मराठीचा एक शब्द नव्हता. मी उभा होतो तो तसाच ढालींना टेकून बसलो. बॅटरी नाही, वायर भिंतीत नाही, आणि ही बाई माझ्या कानात मिरची विकतेय. तेहतीस वर्षं विजेच्या फायली हाताळल्या, रेणुका, पण वीज अशी काही चीज आहे हे मला काल कळलं.

मग पंखा फिरायला लागला आणि बाई गेली. घूं-घूं.

पोरीचा रेडिओ खरा आहे.

पण माझं ऐक. पत्रिका छापून झाल्या. अहवालावर सात सह्या आहेत, त्यात पहिली माझी. विकासरावांच्या वडिलांच्या नावाची पाटी आहे. या वयात मी सभागृहात उभं राहून काय सांगू? मी एक करतो. मानपत्रातलं ते कानांचं वाक्य काढून टाकतो. यंत्राऐवजी तिला सायकल देऊ, विकासरावांना मी समजावतो. रेडिओ कपाटात राहू दे, लोक बघतील. कालांतरानं सगळं विसरलं जाईल.

हे पत्र वाचून फाडून टाक.

आबाकाका


मलकपेठ
१५ मार्च २०२६

ति. आबाकाका यांस,
सा. न.

पत्र फाडले. आपण सांगितलेत म्हणून. त्यातले मी कुणाला सांगणार नाही, तेजश्रीलाही नाही. म्हणूनच हे लिहावे लागते आहे.

वाक्य काढल्याने भागणार नाही. मावशी निझामाबादहून बहिऱ्या मुलीचा सत्कार पाहायला येत आहे. वाक्य नसले तरी ती तेच पाहून जाईल. सायकलचेही तसेच. आणि विसरायचे म्हणाल तर मंडळ विसरेल. तेजश्री विसरणार नाही. ती यापुढे काही बनवेल तेव्हा आधी आजूबाजूच्या माणसांचे चेहरे पाहील, मग इअरफोन लावेल. पुढे कदाचित इअरफोन लावणारच नाही. अशी माणसे माझ्या नोकरीत भरपूर आहेत. बढत्याही त्यांनाच मिळतात.

तो रेडिओ ऐकलेले मंडळात आपण एकटे आहात. बनवणारीने तो अजून ऐकलेला नाही. पहिले ऐकण्याचा मान विकासरावांना मिळालाच नव्हता, तो आपल्याला मिळाला, आणि माझ्या मते बरोबर माणसाला मिळाला. दुसरा तिला द्यावा.

माझे म्हणणे एवढेच आहे. बुधवारी, १८ तारखेला, दुपारी चार वाजता आपण किल्ली घेऊन मंडळात यावे. मी तेजश्रीला आणि त्रिवेणीताईंना घेऊन येते. प्लग मी काढीन. पाटीला हात लावणार नाही. ती ऐकायला बसण्यापूर्वी आपण तिला आणि तिच्या आईला दोन वाक्ये सांगावीत. '२८ तारखेला मला काही ऐकू आले नाही. शुक्रवारी आले.' माइक नको, सभागृह नको. ही वाक्ये मी सांगून उपयोग नाही, मी तिची बाजू घेते असे तिचे मत आहे. आपण घेत नाही, हे तिला माहीत आहे.

त्यानंतर पाडव्याला तिला शाल द्यायची असल्यास द्यावी. रेडिओ बनवला म्हणून. मग मी मानपत्रावर सही करीन, आणि जमल्यास हसेन.

आपले उत्तर नाही असेल, तरी मी भांडायला येणार नाही. चार वस्तू पुन्हा आणता येतात आणि माझ्या गच्चीवर माळा नाहीत. पण तो दुसरा रेडिओ असेल. तिने बनवलेला आपल्या कपाटात आहे.

मंगळवार, १७ मार्चच्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवावे. एक शब्द पुरे.

आपली,
रेणुका